शेवटचं मूल पोचेपर्यंत

ईशान, तारा,

आमच्या तालुक्यातून एक दिवाळी अंक निघतो. यंदा ते निवृत्त शिक्षकांचे अनुभव छापणार आहेत. संपादकांचा मला फोन आला, तुम्हीही लिहा म्हणाले. गणिताच्या किंवा इंग्रजीच्या शिक्षकाकडे सांगायला पुष्कळ असतं, खेळाच्या बाई काय लिहिणार, असा एक प्रश्न त्यांच्या आवाजात होता, पण सभ्य गृहस्थ, त्यांनी तो गिळला. मी हो म्हटलं आणि एक अट घातली. लिहीन ते माझ्या नातवंडांना उद्देशून लिहीन, बाकीच्यांनी शेजारी बसून ऐकावं.

कारण हे विचारलं होतं तुम्ही. मागच्या उन्हाळ्यात कॅनडाहून आलात तेव्हा ईशान, तू मनगटावरचं घड्याळ मला दाखवलंस. ते हृदयाचे ठोके मोजतं, आणि महिनाअखेरीस दम वाढला की घटला तेही सांगतं. मग तू विचारलंस, "आजी, तू शाळेत हेच करायचीस ना?" मी उन्हाने आणि पाहुण्यांनी थकलेली होते, म्हणून नुसतं हो म्हणून सुटले. ते उत्तर अपुरं होतं, आणि अपुरी ठेवलेली कामं मला झोपू देत नाहीत.

मी सिकंदराबादला इंग्रजी शाळेत शिकले. तुमचे पणजोबा रेल्वेत होते. आमच्या शाळेत दर शनिवारी पांढरे बूट खडूने घासून ठेवावे लागायचे, शिस्त म्हणजे काय ते मी तिथे शिकले. व्यायामाची पदवी घेतली, लग्न होऊन बीड जिल्ह्यात आले आणि मांजरसुंब्याच्या अलीकडच्या एका गावातल्या हायस्कूलला खेळाची शिक्षिका म्हणून लागले. माझं इंग्रजी ऐकून तेव्हाच्या मुख्याध्यापकांना वाटलं, चुकून भलत्याच जागेवर भरती झाली. त्यांनी मला इंग्रजीचे तास देऊ केले. मी मैदान मागितलं. मैदान म्हणजे बाभळी आणि खडे. पण होतं मोठं.

खेळाच्या शिक्षकाचं काम काय, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. प्रार्थनेला रांगा लावणं, पंधरा ऑगस्टची कवायत, कोणी शिक्षक रजेवर असला की त्याचा वर्ग सांभाळणं, आणि परीक्षा जवळ आली की आपला तास गणिताला उसना देणं. उसना दिलेला तास परत आलेला मी पाहिलेला नाही. या सगळ्यातून उरेल त्या वेळात मुलांच्या शरीराकडे बघायचं. मी मुख्यतः एका गोष्टीकडे बघत राहिले. ती म्हणजे दमसास.

दमसास म्हणजे वेग नव्हे. फाटकापासून झाडापर्यंत कोणीही सुसाट जाईल. दमसास म्हणजे छाती, हृदय आणि पाय यांनी मिळून किती वेळ एकमेकांना सांभाळून घ्यायचं ते. तो मोजायला तुझ्या घड्याळासारखं काही तेव्हा नव्हतं. म्हणून मी मुलांना पळता पळता पाढे म्हणायला लावायची. पाढा नीट ऐकू आला तर चाल बरोबर आहे. शब्द तुटायला लागले तर चाल कमी कर. पाढा बंद पडला तर चालायला लाग, आणि श्वास जाग्यावर आला की पुन्हा सुरू कर. गणिताचे शिक्षक यामुळे माझ्यावर खूश असायचे. अडचण नंतरच्या वर्षांत आली. एखादा मुलगा सतराच्या पाढ्यात अडखळला, तर त्याचा दम संपला की पाढाच येत नव्हता, हे कळेना.

वर्षातून एकदा, डिसेंबरात, स्नेहसंमेलनाच्या आधी, आठवीच्या वर्गांची तलावाची फेरी असायची. शाळेच्या फाटकातून निघायचं, पाणंदीने, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेने, पाझर तलावापर्यंत जायचं, बांधावरून वळसा घालून परत मैदानात यायचं आणि चुन्याची रेघ ओलांडायची. पहिल्या वर्षी मी सगळीकडे करतात तसं केलं, पहिल्या मुलाचा वेळ धरला. तीन-चार जण जिवाच्या आकांताने पळाले आणि बाकीचा वर्ग तलावाच्या बांधावर बोरं खात बसला. त्यांना हाकून आणायला मला जावं लागलं. त्यांचे खिसे बोरांनी फुगलेले होते, आणि माझ्यासाठीही त्यांनी ओंजळभर ठेवली होती.

दुसऱ्या वर्षापासून मी नियम बदलला. वर्गाचा वेळ शेवटच्या मुलावर धरायचा. जो वर्ग पूर्ण, शेवटच्या पोरासकट, आधी पोचेल त्याच्या कपाटात वर्षभर पितळी कप. पहिला कोण आला याला काही किंमत नाही. मुलांनी हे सरावाच्या पहिल्या आठवड्यातच ओळखलं. पुढची मुलं मागे वळायला लागली. कोणी मागच्याच्या चपला हातात घेई, कोणी त्याच्या कानाशी मोठ्याने पाढा म्हणे, कोणी मनगट धरून ओढून आणी. मला आयुष्यात जमलेल्या थोड्या गोष्टींपैकी ती एक होती, हे मी आजही म्हणेन.

त्या सुरुवातीच्या वर्षांतल्या एका मुलाचं नाव अंकुश. काळा, काटकुळा, अनवाणी. सकाळी शेरडं राखून मग शाळेत यायचा. फेरी पूर्ण करून तो रेघेपाशी येई तेव्हा त्याचा एकोणिसाचा पाढा चालू असायचा, न अडखळता. मग तो परत जाऊन कोणाला तरी घेऊन यायचा. शेरडांची सवय, बाई, म्हणायचा, मागचं एक राहिलं तर घरी मार बसतो.

आता दमाचं काय झालं ते सांगते. तो एका वर्षात गेला नाही. पाझर तलावाचं पाणी उतरतं तसा उतरला. कालच्यापेक्षा आज कमी आहे असं कधी वाटत नाही, एक दिवस मधला खडक उघडा दिसतो तेव्हा कळतं. सुरुवातीच्या वर्षांत ज्या वेळात शेवटचं मूल यायचं, शेवटच्या वर्षांत त्या वेळात अर्धा वर्गही येत नव्हता. मधल्या काळात काय काय झालं ते सगळं आमच्या डोळ्यांसमोर झालं. वाड्या-वस्त्यांवरून चालत येणाऱ्या मुलांना आधी जीप आल्या, मग रिक्षा, मग दारापर्यंत व्हॅन. विहिरीवरचं पाणी नळाला आलं. मैदानाचा अर्धा भाग नव्या इमारतीखाली गेला. शाळा सुटली की शिकवणी, शिकवणी सुटली की मोबाइल. उन्हाळेही आता असे असतात की पोरांना बाहेर काढायला मलाच धीर होत नाही. शाळा बंद राहिल्या त्या रोगाच्या काळानंतर मुलं परत आली, तेव्हा प्रार्थनेलाच काही जण खाली बसायला लागले.

मी वाचते त्यावरून तुमच्या बाजूलाही, इतर देशांतही, असंच काहीसं झालंय. कुठे आधी, कुठे नंतर. कुठे ते थांबलंय असंही म्हणतात. मला त्यातलं एवढंच ठाऊक आहे, जेवढं फाटकापासून तलावापर्यंत दिसतं.

पण मी तुम्हाला खोटं चित्र देणार नाही. जुन्या दमाच्या गोष्टी सांगताना आम्ही म्हातारी माणसं फार गोड होतो. ती मुलं काटक होती, कारण त्यांना पर्याय नव्हता. कित्येकांच्या पोटात फेरीआधी काही नसायचं. आठवीत मुली बोटावर मोजण्याइतक्या होत्या, त्यामुळे तेव्हाच्या मुलींचा दम किती होता हे मला सांगताच येत नाही. ज्या नव्हत्या त्यांना कसं मोजणार? पुढे मुली आल्या, त्यांना सायकली मिळाल्या, आणि मधली काही वर्षं मुलींचा दम खरोखर वाढला, मुलांचा घटत असतानाही. मग व्हॅन आल्या आणि सायकली गोठ्यात गेल्या. आणि ऊस तोडायला जाणाऱ्यांची मुलं, सगळ्यात चिवट पायांची, ती तर डिसेंबरात आईबापांबरोबर कारखान्यांच्या फडावर असायची. माझ्या फेरीत ती कधीच नव्हती. इतकी वर्षं मी मोजलं ते जे हजर होते त्यांचं.

दम नुसता उतरला नाही, फाकलासुद्धा. पूर्वी सगळा वर्ग एका धुळीत यायचा. नंतर पोलीस भरतीचं स्वप्न बघणारी, पहाटे अकॅडमीत जाणारी दोन-चार मुलं हरणासारखी जायची, आणि ती परतीच्या वाटेला लागली तरी मागची तलावाला टेकलेली नसायची. एवढ्या लांबून मागे वळून कोण कोणाला आणणार? ज्या नियमाने शेवटच्या मुलाला हात मिळायचा, त्याच नियमाने आता त्याला बोलणी मिळायला लागली. मग फेरीच्या दिवशी ताप यायला लागला. आधी एखाददुसऱ्याला, मग प्रत्येक वर्गात पाच-सहा जणांना, आणि नेमका मागच्यांना. वर्गाचे वेळ सुधारायला लागले. नवे मुख्याध्यापक हुशार आणि कामसू माणूस, त्यांनी पालकांच्या ग्रुपवर अभिमानाने टाकलं की आमच्या विद्यार्थ्यांची तंदुरुस्ती वाढते आहे. मी त्यांना तापाचं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, थंडीचे दिवस आहेत."

माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. आठवी ब मध्ये श्रावणी नावाची मुलगी आली. गोल चेहरा, जाड भिंगाचा चष्मा, चित्रं फार सुंदर काढायची. अंकुशची मुलगी. अंकुशचा आता मांजरसुंब्याच्या फाट्याजवळ ढाबा आहे, घरही त्याच्याच मागे. पोट सुटलेलं, बोटात अंगठी, पण मला बघितलं की अजून हात मागे बांधून उभा राहतो. सगळी शाळा मला मॅडम म्हणायची, तो एकटा बाई म्हणायचा.

सरावाच्या दिवसांत तो मोटारसायकल घेऊन पाणंदीच्या कडेला थांबायचा. श्रावणीच्या तोंडचा पाढा बंद पडला की गाडी तिच्याशेजारी हळूहळू चालवायचा, बाटलीतून पाणी पाजायचा आणि थोड्या वेळाने तिला मागे बसवून शाळेच्या फाटकाशी आणून सोडायचा. तो एकटाच असं करत होता असंही नाही, आणखी दोन-तीन बाप होते. मी त्याला थांबवलं तेव्हा म्हणाला, "लेकराला दम लागला व्हता, बाई."

मी म्हटलं, "अंकुश, दम लागावा म्हणूनच पळवतेय."

तो ओशाळून हसला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी घेऊन हजर. त्यामुळे साऱ्या सरावात श्रावणीची फेरी एकदाही पूर्ण झाली नाही.

फेरीच्या आदल्या दिवशी ती मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. उद्या यायलाच लागतं का, विचारलं. मी म्हटलं, तुला यायचं नाही का? तर म्हणाली, यायचंय. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वर्गाचा मॉनिटर प्रतीक. वाईट मुलगा नव्हता, कप आपल्याकडे यावा एवढंच त्याला हवं होतं. त्याने मागे राहणाऱ्यांना एकेक करून गाठलं होतं. श्रावणीला म्हणाला होता, "तुला उद्या ताप आला तर लई बरं व्हईल बघ." बाकीच्यांनी मान्य केलं होतं. हिने हो म्हटलं नव्हतं.

"मला एकदा पुरी करायचीय मॅडम," ती म्हणाली. "पण माझ्यामुळं कप जाईल."

मी तिला सांगितलं, कप हा पितळेचा असतो, तू ये. हे सांगणं सोपं होतं. मला त्या वर्गात रोज बसायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी घेतली तर आठवी ब अर्धवट. श्रावणीही नव्हती. तिच्या वडिलांचा फोन आला होता, तिला कणकण आहे. अ आणि ब दोन्ही वर्ग सुटले. ब ची मुलं बघता बघता परतली, सगळी एका घोळक्यात, कित्येक वर्षांत इतक्या लवकर कोणता वर्ग आला नव्हता. मुख्याध्यापकांनी माईक हातात घेतला, मागे शिपाई कप पुसत उभा होता. अ चा वर्गही आला. आणि तेवढ्यात फाटकातून श्रावणी आली. ढाब्यापासून चालत आली होती. बूट धुळीने माखलेले, चष्मा घामाने घसरलेला. निकाल अजून सांगितलेला नव्हता, आणि निकाल सांगेपर्यंत कोणालाही सुटता येतं हा माझाच नियम होता.

"मॅडम, पळू का?"

मी नाडी बघितली, पाणी दिलं, पाच मिनिटं सावलीत बसवलं आणि मग सोडलं. सहावीला शिकवणाऱ्या एका तरुण शिक्षिकेला तिच्या मागून सायकलवर जायला सांगितलं, नजर ठेवायला, पण बोलायचं नाही म्हणून बजावलं. मुख्याध्यापकांनी माईक खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर दमलेला संयम होता. मला तो चांगला ओळखता येतो, मीही तो पुष्कळ वापरलाय.

ती पाणंदीला लागते न लागते तोच अंकुश आला. पोरगी घरात नाही हे कळून मोटारसायकलवरून सुटला होता. गाडी तशीच पाणंदीकडे वळवायला लागला. मी आडवी झाले आणि हात पुढे केला. "अंकुश, चावी दे."

त्याने दिली. तेवढा मान अजून शिल्लक होता. मग माझ्याशेजारी पायरीवर बसला, उठला, पुन्हा बसला.

"ती न्हाई यायची, बाई. तिच्यात दमच न्हाई."

"तुझ्यात कुठून आला होता?"

तो म्हणाला, "मला शेरडं राखायची व्हती, बाई. काट्यात, उन्हात. पोटात भाकर नसायची. म्या काय हौसेनं पळत व्हतो का? तिला कावून तसं लावू?"

इतकी वर्षं मी जो दम घटताना बघत होते आणि मनातल्या मनात आईबापांना बोल लावत होते, त्यातला बराचसा दम म्हणजे लेकरांच्या वाट्याचे कष्ट होते, आणि ते कष्ट या माणसांनी जिवाचं रान करून कमी केले होते. कष्ट गेले आणि दमही गेला. एकाला ठेवून दुसऱ्याला घालवायची युक्ती शाळेने शिकवायला हवी होती. शाळेकडे त्यासाठी मी होते, आणि अर्धं मैदान.

आम्ही दोघं पाणंदीकडे बघत बसलो. मुलं कंटाळली, मैदानात बसली, पण आत कोणी गेलं नाही. बऱ्याच वेळाने ती दिसली. थोडं पळायची, थोडं चालायची, पुन्हा पळायची. ओठ हलत होते. अंकुश उभा राहिला. त्याचेही ओठ हलायला लागले, पाढा कोणता ते मला ऐकू आलं नाही.

ती मैदानात आली. ब च्या मुलांमध्ये कुजबुज झाली. प्रतीक रेघेच्या पलीकडे उभा होता, त्याचं तोंड पडलं होतं. ती रेघेपाशी आली, आणि थांबली. दमून थांबली असं आधी मला वाटलं. पण ती सरळ उभी होती, पाय रेघेच्या अलीकडे नीट जुळवून.

"ये," मी म्हटलं.

तिने मान हलवली. श्वास थोडा जाग्यावर आल्यावर म्हणाली, "न्हाई मॅडम. मी न्हाई पोचले. त्यांचा टाइम ऱ्हाऊ द्या."

मग ती वळली आणि रेघेला वळसा घालून, बाजूने, बापाकडे गेली. रेघेवर पाय पडू नये म्हणून तिने किती काळजी घेतली, ते मला अजून दिसतं.

मुख्याध्यापकांनी ताबडतोब माईक उचलला. मी त्यांच्याजवळ जाऊन सांगितलं की आठवी ब चा वेळ धरता येणार नाही, त्यांचं एक मूल अजून पोचलेलं नाही. ते म्हणाले, मॅडम, मुलगी स्वतःहून थांबली, आणखी काय पाहिजे? मी म्हटलं, सर, नियम शेवटच्या मुलाचा आहे, ते मूल मैदानात उभं आहे, सगळ्यांनी बघितलंय. मग अ ला द्या, ते म्हणाले. अ वर्गातलेही सात-आठ जण तापाने घरी होते. मी हजेरी त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, यंदा कोणताच वर्ग पोचला नाही. कप शिपायाने परत कपाटात ठेवला.

त्या दिवशी कोणीच माझ्याशी धड बोललं नाही. ब च्या मुलांचा राग माझ्यावर निघाला असता तर बरं झालं असतं, पण मुलांचा राग शिक्षकांवर निघत नाही, तो शेजारच्या बाकावर निघतो. श्रावणी कप वाचवायला थांबली आणि मी तो तिच्या हातून घालवला. नियमाने मी बरोबर होते. बरोबर असल्याचा थकवा किती येतो, हे तुम्हाला अजून कळायचं आहे. पुढच्या वर्षापासून फेरी ऐच्छिक झाली असं ऐकलं. मी तोवर निवृत्त झाले होते. ज्यांना यायचं ते येतात, वेळ उत्तम लागतात, फोटो चांगले येतात.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे शाळा भरायच्या बऱ्याच आधी मैदानात होते. फाटकाशी मोटारसायकल थांबली. श्रावणी उतरली आणि तरातरा माझ्याकडे आली. अंकुश गाडीवरच बसून राहिला. ती रडून आलेली नव्हती, चिडून आलेली होती.

"तुमी कावून असं केलं, मॅडम? मी थांबले व्हते ना?"

"थांबलीस म्हणूनच केलं."

"आता वर्गात कुणी बोलंना माझ्याशी. कप बी गेला आन् मी पोचले बी न्हाई."

मी तिला सांगू शकले असते की प्रामाणिकपणा वगैरे, पण सकाळच्या थंडीत ते शब्द मला स्वतःलाच जड वाटले. तिनेही माझ्या बोलण्याची वाट बघितली नाही. दप्तर पायरीवर ठेवलं, चष्म्याची दोरी मागे घट्ट केली, फाटकाकडे बोट दाखवलं.

"मग आता धरा," ती म्हणाली, आणि निघाली.

अंकुशने गाडीची चावी काढली आणि न मागता माझ्या हातात आणून दिली. आम्ही आदल्या दिवसासारखेच पायरीवर बसलो. तो म्हणाला, रात्रभर घरात एकच चालू होतं, पोचायचं म्हणून. आईने ओरडून बघितलं, त्याने समजावून बघितलं. "ऐकतच न्हाई, बाई." तक्रारीचा सूर होता, पण तक्रार नव्हती.

शाळेत मुलं यायला लागली. काही जण थांबून बघत होते, काही सरळ वर्गात गेले. प्रतीक फाटकाशी सायकल धरून उभा राहिला, आत आला नाही आणि गेलाही नाही. ती परत आली तेव्हा आदल्या दिवसापेक्षा अधिकच थकलेली होती, पायही दुखत असणार. कालचा चुना अजून बराचसा तसाच होता. तिने रेघ ओलांडली, दोन पावलं पुढे जाऊन गुडघ्यांवर हात ठेवून वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली. मग मान वर केली.

"किती?"

मी सांगितलं. तिची समजूत घालण्यासाठी एक सेकंदही कमी केला नाही.

"लई हाय," ती म्हणाली.

"हाय," मी म्हटलं.

तिने दप्तर उचललं. वर्गाकडे चार पावलं गेली, मग वळून उभी राहिली.

"उद्या बी धरताल का?"